यांत्रिक कॅमेऱ्याने शर्यतींचा एक मोसम: प्रकल्प नोंदी

२६ मे

या प्रकल्पात काय करायचे आहे ते आधी लिहून ठेवते. चेन्नईच्या पश्चिमेला, श्रीपेरुंबुदुरच्या अलीकडे, इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. तेथे होणाऱ्या यंदाच्या राष्ट्रीय शर्यती मला संपूर्णपणे जुन्या, यांत्रिक कॅमेऱ्याने आणि फिल्मवर टिपायच्या आहेत. नोकरीच्या निमित्ताने चाकण सोडून ओरगडमला आल्यापासून ३.७१७ किलोमीटर लांबीचा आणि बारा वळणांचा हा ट्रॅक माझ्या घराजवळ आला आहे, आणि शाळेपासूनच्या शर्यतींच्या वेडाला प्रथमच हक्काची जागा मिळाली आहे.

आतापर्यंत येथे मी डिजिटल कॅमेरा वापरत होते. १/२००० सेकंदाला काढलेल्या त्या छायाचित्रांत टायरवरची अक्षरे वाचता येतात, पण गाडी धावते आहे की उभी करून ठेवली आहे ते कळत नाही. शर्यतीच्या छायाचित्रात वेग दिसलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी संथ शटर, अगोदर हेरलेली जागा आणि गाडीबरोबर वळणारे अंग एवढेच लागते, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा चांगला कॅमेरा या तिन्ही बाबतींत पुरेपूर साथ देतो. स्वयंचलित फोकस आणि सेकंदाला वीस फ्रेम ही सोय नसली की चालक ब्रेक कोठे दाबणार आणि वळणात आत कोठे शिरणार, हे छायाचित्रकाराला स्वतःच ओळखावे लागते. शर्यतींवर जीव असलेल्या माणसाला याहून आवडीचे काम मिळणार नाही.

कॅमेऱ्याची निवड निकॉन एफएम२ वर पक्की केली आहे. १९८२ साली आलेल्या या कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. एका सेकंदापासून १/४००० पर्यंतचा प्रत्येक वेग सेलशिवाय चालतो आणि बटणाएवढे दोन सेल लागतात ते केवळ प्रकाशमापकासाठी. त्याच्या आधीच्या पिढीतील कित्येक सुंदर कॅमेरे पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालत असत. ते सेल आता बनत नाहीत, आणि त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा सेल घातला की अनेक कॅमेऱ्यांचा मापक भलतेच आकडे दाखवतो. एफएम२ मात्र कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या एलआर४४ वर चालतो, आणि बाहेरगावी जाताना ही फार मोठी निश्चिंती आहे.

८ जून

रजेवर पुण्याला जाताना वाटेत मुंबईला उतरले आणि फोर्टातल्या बोरा बझारमध्ये कॅमेऱ्यांच्या दुकानांतून हिंडले. पुण्याच्या जुन्या बाजारातही बुधवारी आणि रविवारी कॅमेरे दिसतात, पण तेथे वस्तू उघडून, उजेडात धरून सावकाश पाहण्याची सोय नसते. बोरा बझारच्या दुकानदाराने मात्र काउंटरवर कापड अंथरले, "ताई, हवा तितका वेळ घ्या, सगळं बघा आणि मगच पैशाचं बोलू," असे म्हणून तो इतर गिऱ्हाइकांकडे वळला.

जुना कॅमेरा पाहण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. प्रथम मागचे झाकण उघडून शटरची पाती पाहायची: त्यांवर तेलाचा डाग, बोटाचा ठसा किंवा बारीकशी सुरकुती दिसली तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही, कारण हा पडदा अतिशय पातळ धातूचा असतो आणि एकदा वाकला की तो पूर्वपदावर येत नाही. सुरुवातीच्या एफएम२ ची पाती टायटॅनियमची असून त्यांवर षटकोनी नक्षी असते, नंतरची ॲल्युमिनियमची आणि सपाट आहेत. कामात दोन्ही सारखीच भरवशाची. त्यानंतर मागच्या बाजूचा क्रमांक वाचायचा. क्रमांकाआधी एन हे अक्षर असेल तर तो १९८४ नंतरचा सुधारित नमुना असतो, ज्यात फ्लॅशबरोबर जुळणारा वेग १/२०० वरून १/२५० वर गेला आहे. मी निवडलेली बॉडी या सुधारित नमुन्याची आहे. तळाच्या पट्टीवर मोटर ड्राइव्ह (फिल्म आपोआप पुढे सरकवणारे यंत्र) लावल्याचे ओरखडे आहेत, कडांचा काळा रंग उडून खालचे पितळ दिसते आहे, पण व्ह्यूफाइंडर स्वच्छ आहे आणि फिल्म पुढे सरकवण्याची मूठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच ताणाने फिरते. बाह्य रूपापेक्षा या सारखेपणाला मी जास्त महत्त्व देते.

लेन्सच्या बाबतीत परीक्षा आणखी कडक असावी. मागून मोबाइलचा टॉर्च धरून समोरून तिरक्या नजरेने पाहिले की बुरशीचे पांढुरके तंतू आणि काचेवर धरलेली धुरकट साय स्पष्ट दिसते. मुंबई आणि चेन्नई या दोन्ही शहरांची हवा बुरशीला पोषक असल्यामुळे येथे ही तपासणी टाळून चालत नाही. त्यानंतर ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राची, पाती तेलकट नाहीत ना आणि ती झटकन मिटतात ना, तेही पाहावे. मी २०० मिमी एफ/४ आणि १०५ मिमी एफ/२.५ अशा निकॉनच्याच दोन निक्कॉर लेन्स घेतल्या (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक). दोन्हींना ५२ मिमीचा एकच फिल्टर बसतो, हा योग मुद्दाम साधला आहे. स्वयंचलित फोकसकडे वळलेल्या लोकांनी अशा टेलिफोटो लेन्स मोकळ्या हाताने विकून टाकल्या, त्यामुळे उत्तम काच आजही सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आहे.

एफएम२ घेणाऱ्याने एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. १९७७ पूर्वीच्या, म्हणजे एआय (लेन्सवरचे ॲपर्चर कॅमेऱ्याच्या मापकाला कळवणारी निकॉनची पद्धत) येण्याआधीच्या लेन्स या कॅमेऱ्यावर जशाच्या तशा चढवू नयेत. जुन्या एफएम कॅमेऱ्यात ॲपर्चरशी जुळणारा दांडा वर उचलून ठेवता येतो, तसा तो एफएम२ मध्ये येत नाही आणि दाबला जाऊन मोडण्याची भीती असते. लेन्सच्या ॲपर्चर कड्यावर आकड्यांची दुसरी, बारीक ओळ असेल तर ती लेन्स एआय आहे असे समजावे.

१५ जून

ओरगडमला परतल्यावर शटर तपासले. महागडे यंत्र नसले तरी मोबाइलच्या संथ चित्रीकरणाने हे काम होते. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा मोबाइल उघड्या झाकणामागे ठेवला, लेन्स काढून समोर पांढरी भिंत घेतली आणि एकेक वेग चालवून पाहिला. १/६० ला पडदा साधारण चार फ्रेम उघडा दिसला पाहिजे, १/३० ला आठ आणि १/१५ ला सोळा. माझ्या कॅमेऱ्यात हे तिन्ही वेग बरोबर आले. १/१२५ च्या पुढे ही पद्धत उपयोगाची नाही, पण माझे काम त्याच्या खालीच चालणार असल्याने एवढ्यावर समाधान आहे.

झाकणाच्या खाचांतला काळा फोम मात्र वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. वयोमानाने तो सगळ्याच कॅमेऱ्यांत असा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या टूथपिकने खाच इंच-इंच साफ केली. हे करताना शटर खालच्या बाजूला येऊ द्यायचे नाही, म्हणजे कण त्याच्या पात्यांवर पडत नाहीत. अरुंद खाचांत काळी लोकर दाबून बसवली आणि बिजागरीच्या बाजूला नवा पातळ फोम लावला. आरसा वर जाऊन जेथे आपटतो तेथली पट्टी फोमचीच हवी, तेथे लोकर चालत नाही.

२९ जून

आज फिल्म आणि फिल्टर यांचा हिशेब केला. तमिळनाडूच्या उन्हात संथ शटर वापरणे दिसते तितके सोपे नाही. कडक उन्हात एफ/१६ ला फिल्मच्या संवेदनशीलतेएवढा शटरवेग, हा जुना नियम घेतला तर ४०० च्या फिल्मला १/५०० आणि एफ/१६ हे माप पडते. तेथून १/६० वर यायचे तर ॲपर्चर तीन पायऱ्या (प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा) आणखी मिटावे लागेल, म्हणजे एफ/४५ पर्यंत, आणि माझ्या कोणत्याच लेन्सवर तो आकडा नाही. इल्फर्डची एफपी४ प्लस ही कृष्णधवल फिल्म १२५ संवेदनशीलतेची आहे. तिच्यावर १/६० साठी एफ/२२ आणि १/३० साठी एफ/३२ लागते. आकडे जुळतात, पण एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाशाचे विवर्तन होऊन धार कमी होते.

दुसरी अडचण जाळीची आहे. माझ्याकडे पत्रकाराचा पास नसल्याने मी कुंपणाच्या जाळीमागूनच छायाचित्रे घेणार. २०० मिमी लेन्सचे छिद्र एफ/२२ ला अवघे ९ मिलिमीटर असते आणि जाळीची तार त्याचा मोठा भाग अडवते; एफ/८ ला तेच छिद्र २५ मिलिमीटरचे होते आणि लेन्स जाळीजवळ नेली की तार चित्रातून जवळजवळ नाहीशी होते. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: प्रकाश तीन पायऱ्यांनी कमी करणारा करडा एनडी८ फिल्टर. तो लावला की एफपी४ वर १/६० ला एफ/८ आणि १/३० ला एफ/११ असे नेमके हवे तेच माप मिळते.

नारिंगी फिल्टरचाही विचार चालू आहे. कृष्णधवल फिल्मवर लाल आणि हिरवी गाडी जवळजवळ सारख्याच करड्या छटेत उमटतात. नारिंगी फिल्टरने लाल गाडी उजळते, निळी गडद होते आणि कोणता संघ कोणता हे कृष्णधवल चित्रातही ओळखू येते. प्रकाश मात्र साधारण दोन पायऱ्यांनी कमी होतो, त्यामुळे ढगाळ दिवशी करड्याऐवजी नारिंगी, असे ठरवले आहे.

१३ जुलै

सरावाचा दिवस. शर्यतीच्या दिवसापेक्षा मला हाच अधिक प्रिय आहे, कारण त्याच गाड्या त्याच वळणावर पुन्हा पुन्हा येतात आणि चालकांच्या सवयी पाठ होतात. आज एलजीबी फॉर्म्युला ४ च्या गाड्या बराच वेळ ट्रॅकवर होत्या. कोइम्बतूरमध्ये तयार होणाऱ्या या एकआसनी गाड्यांना सुझुकीचे १३०० सीसीचे इंजिन असते. सगळ्यांचे यंत्र सारखे, म्हणून फरक दिसतो तो माणसाच्या हातापायांचा. एक चालक वळणाच्या तोंडाशी ब्रेक सोडताना गाडीचे नाक किंचित आत टाकत होता, दुसरा तेच काम दोन गाड्यांच्या अंतरानंतर करत होता, आणि या निरीक्षणावरच माझ्या शटरची वेळ ठरत गेली.

वळणातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांसाठी मी साधारण ४० मीटरवर जागा घेतली. २०० मिमी लेन्सला तेथे ७.२ मीटर रुंदीचे चित्र मिळते, म्हणजे चार मीटरची गाडी फिल्मवर २० मिलिमीटर भरते आणि पुढे-मागे धावायला मोकळी जागा राहते. एफ/८ ला ३२ मीटरपासून ५२ मीटरपर्यंत सारे काही धारदार येते, त्यामुळे फोकस एकदा ट्रॅकच्या कडेवरील लाल-पांढऱ्या पट्ट्यावर लावला की पुन्हा त्याकडे पाहावे लागत नाही. फोकस लावून झाल्यावरच एनडी८ चढवायचा, हे महत्त्वाचे. त्याच्या काळोखात फोकसच्या पडद्यावरचे मधले दुभंगलेले वर्तुळ काळे पडते.

ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. १/६० सेकंदात ती गाडी अर्धा मीटर पुढे जाते, आणि ४० मीटरवरून तिच्याबरोबर राहायचे तर कॅमेरा सेकंदाला सुमारे ४३ अंश फिरवावा लागतो. ही गती मनगटातून येत नाही. दोन्ही पाय गाडी जेथे टिपायची त्या दिशेला रोवायचे, कंबर मागे वळवून गाडी लांबूनच व्ह्यूफाइंडरमध्ये घ्यायची आणि अंग उलगडत यायचे. शटर दाबल्यानंतरही फिरणे थांबवायचे नाही. चेंडू मारून झाल्यावर फलंदाजाची बॅट जशी खांद्यापर्यंत जाते तसा कॅमेरा गाडीमागे जाऊ द्यायचा. शटर उघडे असताना आरसा वर गेलेला असतो आणि उजव्या डोळ्यापुढे अंधार होतो, म्हणून डावा डोळा उघडा ठेवून त्याने गाडी पाहत राहण्याचा सराव मी आठवडाभर घराच्या गच्चीवरून, महामार्गावरच्या मोटारींवर केला होता. त्याचा आज मोठा उपयोग झाला.

नेम गाडीवर न धरता चालकाच्या हेल्मेटवर धरावा. गाडीचे नाक आणि शेपूट आपल्यापासून वेगवेगळ्या कोनांत सरकत असल्याने अख्खी गाडी धारदार येणे १/३० ला जवळजवळ अशक्य असते. हेल्मेट धारदार आले, चाके फिरली आणि मागचे होर्डिंग रेघांत विरघळले की मला हवे असलेले चित्र मिळते. मोटर ड्राइव्ह मी जाणीवपूर्वक घेतला नाही. निकॉनचा एमडी-१२ सेकंदाला ३.२ फ्रेम काढतो, पण आठ सेलांचे ते वजन कॅमेऱ्याखाली लटकले की फिरण्यातला हलकेपणा जातो.

१४ जुलै

शर्यतीचा दिवस. ऊन सकाळपासून कडक, गर्दी भरपूर. सुरुवातीची धांदल प्रेक्षागृहातून १०५ मिमीने घेतली आणि पुढे कालचीच जागा धरली.

२० जुलै

फिल्म घरीच धुते. चेन्नईत नळाचे पाणी या दिवसांत ३० अंशांच्या आसपास असते आणि एफपी४ प्लससाठी आयडी-११ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) एकास एक पाणी घालून वापरला तर २० अंशांना ११ मिनिटे लागतात. तापमान खाली आणण्याची माझी रीत साधी आहे: डेव्हलपर ३० अंशांचा असेल तर त्यात मिसळायचे तेवढेच पाणी फ्रिजमध्ये १० अंशांपर्यंत गार करून घ्यायचे, की मिश्रण आपोआप २० वर येते. टाकी घमेल्यातल्या गार पाण्यात ठेवायची, बर्फ त्या घमेल्यात टाकायचा, डेव्हलपरमध्ये कधीच नाही. स्टॉप बाथ व हायपो ही त्यापुढची रसायने आणि पहिले धुण्याचे पाणी हेही त्याच तापमानाच्या जवळ ठेवते, कारण गारातून एकदम कोमटात गेलेल्या फिल्मचा जिलेटिनचा थर आक्रसून त्यावर जाळी उमटू शकते.

बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून वाफ धरवली, धूळ खाली बसू दिली आणि मग फिल्म टांगली. १/६० च्या फ्रेम मन भरून टाकणाऱ्या आहेत. एका फ्रेममध्ये चालकाच्या हेल्मेटच्या काचेवरची पारदर्शक फाडायची पट्टी आणि तिची वर आलेली जीभसुद्धा दिसते, आणि त्याच वेळी मागचे कुंपण, माणसे, झाडे यांचे आडवे पट्टे झालेले आहेत. असे चित्र पाहिले की गाडीचा आवाज कानात येतो.

३ ऑगस्ट

कार्यालयातले एक अण्णा त्यांचा पेंटॅक्स के१००० घेऊन ट्रॅकवर येतात. त्यांच्या १/५०० च्या काही छायाचित्रांत गाड्या किंचित लांबट वाटतात आणि माझ्यात तसे दिसत नाही, असे त्यांनी दाखवले, तेव्हा आज बसून आम्ही दोघांनी त्याचे कारण मांडले.

या विषयातले सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र झाक आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने पहिल्या महायुद्धाच्या आधी, फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत घेतले. धावत्या गाडीचे मागचे चाक त्यात अंडाकृती होऊन पुढे कलले आहे आणि कडेचे प्रेक्षक व खांब उलट दिशेला मागे झुकले आहेत. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची, प्रकाश आत सोडणारी अरुंद फट काचेच्या प्लेटवरून उभ्या दिशेने आणि संथपणे सरकत होती. तो कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता, पण गाडीपेक्षा थोडा मागे पडत होता. त्यामुळे फट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत गाडी चित्रात पुढे सरकली आणि प्रेक्षक मागे. वेगाचे जे चिन्ह पुढे व्यंगचित्रकारांच्याही अंगवळणी पडले, ते या चित्रात यंत्राच्या रचनेतून उमटलेले दिसते.

आमच्या कॅमेऱ्यांतही तेच घडते, फक्त कमी प्रमाणात. के१००० चा कापडी पडदा आडवा धावतो आणि ३६ मिलिमीटरचे अंतर कापायला त्याला साधारण १२ सहस्रांश सेकंद लागतात असे धरू. कॅमेरा स्थिर ठेवला आणि ४० मीटरवरून २०० मिमी लेन्सने सेकंदाला ५० मीटर जाणारी गाडी टिपली, तर तिची प्रतिमा फिल्मवर त्याच वेळात तीन मिलिमीटर सरकते. प्रतिमा आणि फट एकाच दिशेने जात असतील तर गाडी आठ-दहा टक्के ताणली जाते, समोरासमोर येत असतील तर तेवढीच आखडते. एफएम२ चा धातूचा पडदा उभा धावतो आणि २४ मिलिमीटरचे अंतर चार सहस्रांश सेकंदांच्या आत पार करतो. गाडीची उंची चित्राच्या चौथ्या भागाएवढी असल्याने तिच्यावरून फट जायला जेमतेम एक सहस्रांश सेकंद लागतो, तेवढ्यात ती पाच सेंटिमीटर पुढे जाते आणि तो कल डोळ्यांना जाणवतही नाही.

अण्णांना हा ताण आवडतो आणि मलाही तो आवडला. डावीकडून येणाऱ्या आणि उजवीकडून येणाऱ्या गाड्यांची एकेक रांग ते आता मुद्दाम काढणार आहेत. जुनी यंत्रे विकत घेण्यातला मोठा आनंद मला येथे दिसतो: प्रत्येकाच्या पडद्याची चाल वेगळी असते आणि ती चाल चित्रात उतरते.

२५ ऑगस्ट

आज मोटारसायकली होत्या. त्यांना गाड्यांचे नियम लागू पडत नाहीत, कारण वळणात स्वार अंग बाहेर काढून गुडघा जमिनीला टेकवतो आणि सगळे नाट्य समोरून पाहिले तरच दिसते. समोरून येणाऱ्या मोटारसायकलीसाठी कॅमेरा फिरवण्याचा उपयोग नाही. फोकस आधीच एका रेषेवर लावून तेथे तिची वाट पाहावी लागते.

आज पासधारकांच्या मागे, ट्रॅकवर सुरक्षा पाहणाऱ्या मार्शलच्या परवानगीने थोडी जवळची जागा मिळाली. २० मीटरवर २०० मिमी लेन्स एफ/४ ला ठेवली की फोकसमधली पट्टी केवळ २.४ मीटर खोल असते. ताशी ९० किलोमीटरने येणारी मोटारसायकल ती एका दशांश सेकंदात ओलांडते आणि माणसाच्या बोटाला डोळ्याचा निरोप पोहोचायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून ट्रॅकच्या कडेवर दोन खुणा हेरल्या: फोकसची, आणि तिच्या पाच मीटर अलीकडची. पुढचे चाक अलीकडच्या खुणेवर आले की शटर दाबायचे. टीव्हीएसच्या एकाच प्रकारच्या मोटारसायकलींच्या शर्यतीत सगळे स्वार जवळजवळ एकाच वेगाने वळणात शिरत होते, त्यामुळे ही पाच मीटरची खूण सर्वांना लागू पडली. होंडाच्या एनएसएफ२५०आर या शर्यतीच्या मोटारसायकली घेऊन आलेल्या तरुण मुलांचा वेग अधिक होता, तेव्हा खूण आणखी अलीकडे घेतली.

१५ सप्टेंबर

कोइम्बतूरला जाऊन चेट्टिपाळयमचा करी मोटर स्पीडवे पाहून आले. २.१ किलोमीटरचा हा ट्रॅक २००३ मध्ये सुरू झाला आणि त्याला एस. करिवर्धन यांचे नाव आहे. मारुती ८०० चे इंजिन घेऊन सर्वसामान्य तरुणाला परवडेल अशी एकआसनी गाडी त्यांनी घडवली, आणि भारतीय शर्यतींची एक अख्खी पिढी तिच्यावर शिकली. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. हाताशी असलेल्या यंत्रातून शर्यतीची गाडी उभी करण्याची त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासून आहे. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० मध्ये सुरू होण्यापूर्वी शर्यती मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर होत असत. त्या काळची छायाचित्रे जमवायला सुरुवात केली आहे. सपाट, मोकळे माळरान आणि मागे आकाशाखेरीज काही नाही, अशा ठिकाणी संथ शटरने वेग दाखवणे कठीण असते, कारण रेघा होण्यासाठी मागे काहीतरी असावे लागते. त्यामुळे त्या छायाचित्रांत गर्दीला आणि गवताच्या पेंढ्यांना जे महत्त्व आले आहे, त्याचे कारण आता मला नीट उमगते. करी स्पीडवेवर मी मुद्दाम जाहिरातींच्या फलकांसमोरची जागा निवडली.

६ ऑक्टोबर

निगेटिव्हच्या डिजिटल प्रती करण्यासाठी ५५ मिमी एफ/२.८ ची जुनी मायक्रो-निक्कॉर लेन्स घेतली. ती एकटी निम्म्या आकारापर्यंत जवळ जाते आणि २७.५ मिलिमीटरची पीके-१३ नळी मध्ये घातली की पूर्ण आकाराची प्रतिमा देते. या लेन्सच्या ॲपर्चरची पाती ग्रीस उतरून तेलकट होतात, म्हणून घेताना ती अनेकदा मिटवून-उघडून पाहिली. आरसाविरहित डिजिटल कॅमेऱ्यावर ॲडॉप्टरने ती उत्तम बसते, आणि एफपी४ चे बारीक कण कोपऱ्यापर्यंत स्पष्ट दिसतात.

मोसमातल्या निवडक फ्रेम आज एकत्र मांडल्या. ढगाळ दिवशी नारिंगी फिल्टरने घेतलेल्या चित्रांत लाल गाडी खरोखरच उठून येते आणि निळी शाईसारखी गडद होते. १/३० च्या फ्रेमपेक्षा १/६० च्या अधिक समाधान देतात: १/३० ला वेग दिसतो, पण स्वाराची देहबोली विरते, आणि शर्यत ही शेवटी माणसांची असते.

१० नोव्हेंबर

ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला आहे आणि हवेतली आर्द्रता बुरशीला आमंत्रण देणारी आहे. तिन्ही लेन्स आणि बॉडी कापडाने पुसून हवाबंद डब्यात ठेवली आहेत, बरोबर निळी सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असे पाहते. जेल गुलाबी झाली की ती कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळी करता येते. कातडी पिशवीत लेन्स ठेवू नये, कातडे ओलावा धरून ठेवते. शटर ताणून ठेवू नये, आणि महिन्यातून एकदा सगळे वेग चालवून पाहावेत.

२०० मिमीचे फोकसचे कडे जरा जड वाटू लागले आहे. पुढच्या मोसमाआधी पुण्याच्या दुरुस्तीवाल्या काकांकडून तिचे जुने ग्रीस बदलून घ्यायचे आहे. फोकसच्या पडद्याच्या जागी चौकटी आखलेला ई२ पडदाही मागवला आहे, म्हणजे कॅमेरा फिरवताना क्षितिज तोलून धरता येईल. अण्णांनी शोलावरमला धावलेल्या एका जुन्या स्वाराशी भेट ठरवली आहे. त्यांच्याकडच्या निगेटिव्हच्या प्रती याच मायक्रो-निक्कॉरने करून देण्याचे मी कबूल केले आहे.